हे माप कोणाचं ऐकतं? रिस्पॉन्सिव्ह पानासाठी सीएसएसची एककं निवडताना

लॅपटॉप माझ्याकडे वळवत आत्या म्हणाली, "अगं, मी अक्षर मोठं करून ठेवलंय. बाकीच्या पानांवर ते मोठं दिसतं. तुझं पान काही माझं ऐकत नाही."

मी बनवलेला नोंदणीचा फॉर्म ती भरत होती. तिच्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार सर्वांत मोठा होता, म्हणजे नेहमीच्या १६ पिक्सेलऐवजी २४. माझ्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पान कसं दिसेल ते सांगणाऱ्या सीएसएसच्या फाइलमध्ये, लेबल १४ पिक्सेल, मजकूर १६ पिक्सेल, खालची टीप १२ पिक्सेल, असं सगळं ठोकून बसवलेलं. तिने सेटिंगमध्ये काहीही निवडलं असतं तरी टीप १२ पिक्सेलचीच राहिली असती. तो फॉर्म मी तीन वेगवेगळ्या मोबाइलवर तपासला होता. तिन्हीवर तो नीट मावत होता, म्हणून मी त्याला रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे पडद्याप्रमाणे जुळवून घेणारा, म्हणत होते. स्क्रीनला तो प्रतिसाद देत होता, वाचणाऱ्या माणसाला देत नव्हता.

तेव्हापासून कुठलंही माप लिहिण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: हे माप कोणाचं ऐकणार आहे? वाचकाने निवडलेल्या अक्षराचं, बाहेरच्या बॉक्सचं, स्क्रीनचं, की कोणाचंच नाही? याचं उत्तर सापडलं की एकक निवडायला वेळ लागत नाही. एककांची यादी पाठ करून मला कधी फायदा झाला नाही, या प्रश्नाने मात्र रोज होतो.

एक सूचना आधीच देते. प्रॉपर्टी आणि एककांची नावं इथे आपण बोलताना म्हणतो तशी लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायची, आकडा आणि त्याचं एकक यांच्यात जागा न सोडता.

सुरुवातीच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट एचटीएमएलच्या हेडमध्ये:

<मेटा नेम="व्ह्यूपोर्ट" कंटेंट="विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१">

ही ओळ नसेल तर मोबाइलचा ब्राउझर समजतो की पान डेस्कटॉपसाठी आहे. तो सहसा ९८० पिक्सेल रुंदीचं पान मांडतो आणि मग ते आकसून छोट्या पडद्यात बसवतो. पुढची सगळी मेहनत मग वाया जाते, कारण स्क्रीनची खरी रुंदी तुमच्या सीएसएसपर्यंत पोचतच नाही. याच ओळीत काही जण 'युझर-स्केलेबल=नो' लिहून झूम बंद करतात. तसं करू नका. ज्याला वाचायला त्रास होतो त्याच्या हातातलं साधन आपण काढून घेतो.

दुसरी गोष्ट, मुळाशी म्हणजे एचटीएमएल एलिमेंटवर अक्षराचा आकार पिक्सेलमध्ये लिहायचा नाही. एकतर काहीच लिहू नका किंवा 'फॉन्ट-साइझ: १००%' लिहा. मुळाशी '१६ पिक्सेल' लिहिलं की वाचकाची निवड तिथेच पुसली जाते, आणि खाली कितीही रेम (मुळातल्या अक्षराच्या पटीत मोजणारं एकक) वापरलं तरी उपयोग नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून मुळाशी ६२.५% लिहायची एक जुनी पद्धत आहे. त्यामुळे १ रेम म्हणजे १० पिक्सेल होतात. टक्क्यात असल्यामुळे वाचकाची निवड त्यात टिकते, पण बाहेरून आणलेला प्रत्येक कंपोनंट (बटण, कार्ड असा पानाचा तयार भाग), जो १ रेम म्हणजे १६ धरून लिहिलेला असतो, तो एकदम बारीक दिसतो. १६ ने भागायची सवय महिन्याभरात लागते. मी ही पद्धत सोडली आणि परत तिच्याकडे गेले नाही.

तिसरी गोष्ट, सगळ्या एलिमेंटना 'बॉक्स-साइझिंग: बॉर्डर-बॉक्स'. त्यामुळे रुंदी म्हणजे पॅडिंग (बॉक्सच्या आतली मोकळी जागा) आणि बॉर्डर धरून रुंदी. नाहीतर १०० टक्के रुंदीच्या फील्डला थोडं पॅडिंग दिलं की ते पॅरेंटच्या, म्हणजे त्याला वेढणाऱ्या बॉक्सच्या, बाहेर जातं.

पिक्सेल वाईट नाही, तो फक्त कोणाचं ऐकत नाही

सीएसएसचा पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा प्रत्यक्ष ठिपका नव्हे. हातभर अंतरावर, २८ इंचांवर, ९६ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ९६ ठिपक्यांच्या, पडद्यावरचा एक ठिपका डोळ्याला जेवढा दिसतो, तेवढा हा पिक्सेल धरलेला आहे. सीएसएसमध्ये १ इंच म्हणजे नेहमी ९६ पिक्सेल आणि १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. २०१० मध्ये आयफोन ४ आला तेव्हा त्याच्या पडद्यावर ६४० गुणिले ९६० ठिपके होते, पण सीएसएससाठी त्याची रुंदी ३२० पिक्सेलच राहिली. एका सीएसएस पिक्सेलमागे आडवे दोन आणि उभे दोन ठिपके. आज तुमच्या मोबाइलच्या जाहिरातीत हजारावर आकडा दिसतो आणि ब्राउझर ३६० किंवा ३९० सांगतो, त्याचं कारण हेच.

पान झूम केलं की पिक्सेलही मोठा होतो. त्यामुळे "पिक्सेल वापरला तरी झूम चालतंच की" असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. पण आत्याने झूम केलं नव्हतं. तिने ब्राउझरला एकदाच सांगून ठेवलं होतं की मला सगळीकडे मोठं अक्षर दे. त्या सेटिंगचं पिक्सेल ऐकत नाही.

म्हणून ज्या मापाने कोणाचंच ऐकू नये, तिथे मी पिक्सेल वापरते. एक पिक्सेलची बॉर्डर, सावली, फोकसची कड. अक्षर दुप्पट झालं म्हणून रेघ दुप्पट जाड व्हायला नको असते. सेंटिमीटर, मिलिमीटर आणि पॉइंट छपाईच्या स्टाइलशीटसाठी ठेवते. तिथे कागद खरोखर २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा असतो. पडद्यावर सेंटिमीटर लिहिला तरी मोजपट्टी लावल्यावर तो तेवढा भरेलच असं नाही.

रेम आणि एम

रेम म्हणजे मुळातल्या अक्षराच्या आकाराच्या किती पट. एम म्हणजे त्या एलिमेंटच्या स्वतःच्या अक्षराच्या किती पट. एम फॉन्ट-साइझसाठीच वापरलं तर ते पॅरेंटच्या अक्षराशी मोजलं जातं, आणि सगळा घोळ तिथेच होतो. समजा यादीला 'फॉन्ट-साइझ: ०.८५ एम' दिलं. यादीच्या आत यादी आणि तिच्या आत आणखी एक. पहिल्या पातळीवर १६ चे १३.६, दुसऱ्यावर ११.५६, तिसऱ्यावर ९.८ च्या आसपास. कोणीही ९.८ लिहिलेलं नसतं, तरी पडद्यावर ते दिसतं. म्हणून अक्षराच्या आकारासाठी रेम. लेबल ०.८७५ रेम, मजकूर १ रेम, उपशीर्षक १.२५ रेम. किती पातळ्या आत गेलं तरी ते बदलत नाही.

मग एम कशाला? अक्षराबरोबर जे वाढायला हवं त्या सगळ्याला. बटण घ्या:

पॅडिंग: ०.६ एम १.२ एम;
बॉर्डर-रेडियस: ०.३ एम;

बटणातला आयकॉन १ एम रुंद आणि १ एम उंच. आता त्याच बटणाचं मोठं रूप हवं असेल तर फक्त फॉन्ट-साइझ १.२५ रेम करायचं. पॅडिंग, कोपरे, आयकॉन सगळं त्या प्रमाणात वाढतं, वेगळा एकही आकडा लिहावा लागत नाही. कंपोनंटच्या आतल्या मापांना एम आणि कंपोनंटमधल्या अंतरांना रेम, असा नियम मी पाळते. अंतरं एममध्ये लिहिली तर शीर्षकाखालचं अंतर आणि परिच्छेदाखालचं अंतर यांचा मेळ बसत नाही.

फॉर्मकडे परत येते, कारण पुढची चूक मला तिथेच दिसली. सगळी अक्षरं रेममध्ये केली आणि ब्राउझरची सेटिंग २४ वर ठेवून पान उघडलं. अक्षर मोठं झालं होतं, पण प्रत्येक ओळीचे उकार कापले गेले होते. 'तुमचं' मधला उकार नाही, 'पूर्ण' मधला दीर्घ ऊकार अर्धा. कारण लेबलच्या पट्टीला मी 'हाइट: २४ पिक्सेल' आणि फील्डला 'हाइट: ४० पिक्सेल' लिहिलं होतं. अक्षर वाचकाचं ऐकत होतं आणि ते ज्या खोक्यात होतं ते ऐकत नव्हतं. मजकूर असलेल्या कुठल्याही बॉक्सला ठरावीक उंची देऊ नका. 'मिन-हाइट: २.५ रेम' लिहा आणि वरखाली पॅडिंग द्या, बॉक्स आपला आपण वाढेल. लेबलची रुंदीसुद्धा मी १२० पिक्सेल ठेवली होती, ती काढून लेबल फील्डच्या वर घेतलं. अरुंद पडद्यावर आणि मोठ्या अक्षरात लेबल शेजारी ठेवण्याचा अट्टहास कधीच नीट बसत नाही.

फील्डबद्दल आणखी एक. आयफोनच्या सफारीत इनपुटचं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर फील्डला बोट लावताच पान आपोआप झूम होतं आणि लोक गोंधळतात. इनपुटला 'फॉन्ट-साइझ: १ रेम' दिलं की हा प्रश्न मिटतो.

लाइन-हाइटला एकक देऊ नका

बॉडीला 'लाइन-हाइट: १.५ एम' लिहिलं तर ब्राउझर आधी हिशेब करतो, १६ चे २४ पिक्सेल, आणि ते २४ पिक्सेलच खाली वारसाने जातात. ३२ पिक्सेलच्या शीर्षकालाही २४ पिक्सेलची ओळ मिळते. दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. एककाशिवाय नुसतं '१.५' लिहिलं तर तो गुणक वारसाने जातो आणि प्रत्येक एलिमेंट स्वतःच्या अक्षराशी गुणाकार करतो.

देवनागरी मजकुराला १.५ सुद्धा मला दाटीचं वाटतं. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. परिच्छेदाला १.७ आणि शीर्षकाला १.३ पासून मी सुरुवात करते आणि फॉन्ट पाहून थोडं पुढेमागे करते. रोमन मजकुरासाठी केलेला आराखडा जसाच्या तसा उचलून त्यात मराठी ओतलं की पान गुदमरल्यासारखं दिसतं, त्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा लाइन-हाइट असतं.

ओळीच्या लांबीसाठी 'सीएच' हे एकक सुचवलं जातं. १ सीएच म्हणजे त्या फॉन्टमधल्या रोमन शून्याची रुंदी. रोमन मजकुरात ६५ सीएच म्हणजे साधारण तेवढी अक्षरं बसतील असा अंदाज करता येतो. आपल्या लिपीत त्या शून्याचा आणि 'क्ष' किंवा 'त्म्य' च्या रुंदीचा काही संबंध नाही. मराठी परिच्छेदाला मी 'मॅक्स-विड्थ: ३४ एम' देते आणि खरा मजकूर टाकून एका ओळीत किती शब्द बसतात ते मोजते. १० ते १३ च्या दरम्यान असतील तर ठेवते. एममध्ये असल्यामुळे वाचकाने अक्षर मोठं केलं की ओळही रुंदावते आणि शब्दांची संख्या जवळपास तीच राहते. पडदा अरुंद असेल तर मॅक्स-विड्थ आड येत नाही.

टक्के कशाचे, ते आधी पाहा

मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हे नाव दिलं तेव्हा ग्रिड टक्क्यांत लिहिण्यावर मोठा भर होता. आतल्या बॉक्सची रुंदी भागिले बाहेरच्या बॉक्सची रुंदी, आणि आलेला लांबलचक दशांश तसाच स्टाइलशीटमध्ये. आज ग्रिड आणि फ्लेक्स या सीएसएसच्या मांडणीच्या पद्धतींमुळे त्यातलं बरंचसं लिहावं लागत नाही, पण टक्के समजून घ्यावेच लागतात, कारण ते प्रत्येक प्रॉपर्टीत वेगळ्याचं ऐकतात.

रुंदीचे टक्के पॅरेंटच्या रुंदीचे. उंचीचे टक्के पॅरेंटच्या उंचीचे, पण पॅरेंटला ठरावीक उंची असेल तरच. नाहीतर 'हाइट: १००%' लिहूनही काही होत नाही. पॅडिंग आणि मार्जिनचे (बॉक्सबाहेरच्या अंतराचे) टक्के मात्र, वरचे-खालचे सुद्धा, पॅरेंटच्या रुंदीचे. 'पॅडिंग-टॉप: १०%' लिहिलं तर रुंद पडद्यावर वर मोठी पोकळी तयार होते आणि कारण लवकर सापडत नाही. वरखालच्या अंतराला मी टक्के वापरत नाही. चित्रांना 'मॅक्स-विड्थ: १००%' आणि 'हाइट: ऑटो' एवढं मात्र प्रत्येक पानात असतंच.

स्क्रीनचं ऐकणारी मापं

१ व्हीडब्ल्यू म्हणजे व्ह्यूपोर्टच्या, म्हणजे पान दिसतं त्या चौकटीच्या, रुंदीचा शंभरावा भाग आणि १ व्हीएच म्हणजे उंचीचा. व्हीमिन म्हणजे दोन्हींतला लहान, व्हीमॅक्स म्हणजे मोठा.

'विड्थ: १०० व्हीडब्ल्यू' शक्यतो लिहू नका. ज्या डेस्कटॉपवर स्क्रोलबार जागा अडवतो तिथे १०० व्हीडब्ल्यूमध्ये त्या स्क्रोलबारची रुंदीही धरली जाते. पान तेवढंच बाहेर जातं आणि खाली आडवा स्क्रोल उगवतो. '१००%' लिहिलं, किंवा ब्लॉक एलिमेंटला काहीच लिहिलं नाही, की काम होतं.

'हाइट: १०० व्हीएच' चा त्रास मोबाइलवर होतो. ब्राउझरची पत्त्याची पट्टी दिसत असते तेव्हा दिसणारी जागा कमी असते, पण १०० व्हीएच पट्टी लपल्यानंतरची मोठी उंची मोजतं. मी एका पानावर पहिल्या पडद्याच्या तळाशी 'पुढे' हे बटण ठेवलं होतं. डेस्कटॉपवर ते नेमकं जागेवर होतं, मोबाइलवर मात्र पडद्याच्या खाली गेलेलं. लोक पान उघडून थांबून राहायचे, कारण पुढे जायला काही आहे हेच त्यांना दिसत नव्हतं.

२०२२ मध्ये यावर तीन नवी एककं मोठ्या ब्राउझरमध्ये आली. एसव्हीएच म्हणजे पट्ट्या दिसत असतानाची लहान उंची, एलव्हीएच म्हणजे त्या लपल्यावरची मोठी उंची, आणि डीव्हीएच म्हणजे त्या क्षणी जी असेल ती. पहिल्या नजरेत डीव्हीएच सर्वांत शहाणं वाटतं, पण स्क्रोल करताना पट्टी आत-बाहेर झाली की त्या बॉक्सची उंची बदलते आणि खालचा मजकूर हलतो. वाचता वाचता ओळ सरकणं फार त्रासदायक असतं. पूर्ण पडदा भरणाऱ्या पहिल्या भागाला मी हे लिहिते:

मिन-हाइट: १०० व्हीएच;
मिन-हाइट: १०० एसव्हीएच;

पहिली ओळ जुन्या ब्राउझरसाठी. नव्या ब्राउझरला दुसरी समजते आणि तो तीच धरतो. हाइट न लिहिता मिन-हाइट लिहिलंय, कारण मोबाइल आडवा धरला किंवा अक्षर मोठं असलं तर मजकूर त्या उंचीत मावणार नाही.

क्लॅम्पचा हिशेब, हाताने

शीर्षक मोबाइलवर लहान आणि मोठ्या पडद्यावर मोठं हवं असतं. 'फॉन्ट-साइझ: ५ व्हीडब्ल्यू' लिहिलं तर ते फक्त स्क्रीनचं ऐकतं. ३२० वर १६ पिक्सेल, १९२० वर ९६ पिक्सेल. त्याहून वाईट म्हणजे झूम करून ते मोठं होत नाही, कारण झूम केलं की ब्राउझरच्या लेखी व्ह्यूपोर्ट तेवढाच लहान होतो आणि व्हीडब्ल्यूही लहान होतं. माणूस झूम वाढवत राहतो आणि शीर्षक जागचं हलत नाही.

क्लॅम्पमध्ये तीन मापं असतात: याच्या खाली जायचं नाही, एरवी हे, आणि याच्या वर जायचं नाही. २०२० पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये ते चालतं. मधलं माप कसं काढायचं ते एकदा हाताने करून पाहा.

समजा ३६० पिक्सेलच्या पडद्यावर शीर्षक २८ हवंय आणि १३६० च्या पडद्यावर ४८. अक्षर वाढलं २०, पडदा वाढला १०००. म्हणजे पडद्याच्या प्रत्येक पिक्सेलमागे अक्षर ०.०२ ने वाढतं. शंभराने गुणा: २ व्हीडब्ल्यू. आता ३६० वर २ व्हीडब्ल्यू म्हणजे ७.२ पिक्सेल, आणि आपल्याला हवेत २८. उरले २०.८. सोळाने भागा: १.३ रेम. खालची मर्यादा २८ म्हणजे १.७५ रेम, वरची ४८ म्हणजे ३ रेम.

फॉन्ट-साइझ: क्लॅम्प(१.७५रेम, १.३रेम + २व्हीडब्ल्यू, ३रेम);

पडताळून पाहा. ८०० च्या पडद्यावर २०.८ अधिक १६, म्हणजे ३६.८. मधलं माप सरळ वाढत जातं, कुठेही उडी नाही. आता १३६० च्या पडद्यावर २०० टक्के झूम करा. व्ह्यूपोर्ट ६८० होतो, शीर्षक २०.८ अधिक १३.६ म्हणजे ३४.४, आणि दुप्पट झूममुळे डोळ्याला ते ६८.८ एवढं दिसतं. आधी ४८ दिसत होतं. रेम या मापाला वाचकाशी बांधून ठेवतं, व्हीडब्ल्यू स्क्रीनशी. मधल्या मापात नुसतं व्हीडब्ल्यू कधीही ठेवू नका, सोबत रेम हवंच.

अधिक आणि वजाच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायला विसरू नका. ती नसेल तर ब्राउझर ती पूर्ण ओळ टाकून देतो, आणि पानावर कुठेही चूक दाखवत नाही.

परिच्छेदाच्या अक्षराला मी क्लॅम्प वापरत नाही. ते १ रेम किंवा १.१२५ रेम असतं, सगळ्या पडद्यांवर तेच. मजकुराचा आकार वाचकाने ठरवायचा.

कॉलम आपले आपण मोडू द्या

कार्डांच्या ग्रिडसाठी बहुतेक वेळा मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणारी अट) लागतच नाही. एवढं पुरतं:

ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(मिन(१००%, १६रेम), १एफआर));
गॅप: १रेम;

एफआर म्हणजे उरलेल्या जागेचा वाटा. इथे प्रत्येक कॉलम कमीत कमी १६ रेम, आणि जे उरेल ते सगळ्यांत सारखं. १००० पिक्सेलच्या जागेत नेहमीच्या अक्षराला तीन कॉलम बसतात. ब्राउझरची सेटिंग २४ केली की १६ रेम म्हणजे ३८४ पिक्सेल होतात आणि त्याच जागेत दोन कॉलम उरतात. पडदा बदललेला नाही, वाचक बदलला, आणि मांडणीने त्याची दखल घेतली. १६ रेमऐवजी २५६ पिक्सेल लिहिले असते तर मोठं अक्षर तीन चिंचोळ्या कॉलमांत कोंबलं गेलं असतं. आतलं 'मिन(१००%, १६रेम)' एवढ्यासाठी की जागा १६ रेमपेक्षाही कमी असेल तर कॉलम बाहेर जाऊ नये.

नुसत्या '१एफआर' मध्ये एक खाच आहे. तो कॉलम आतल्या सर्वांत लांब न तुटणाऱ्या शब्दापेक्षा लहान होत नाही. एखादा लांबलचक वेब पत्ता आला की सगळं ग्रिड ताणलं जातं. तिथे 'मिनमॅक्स(०, १एफआर)' लिहा आणि मजकुराला 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर' द्या.

तेच कार्ड कधी रुंद मुख्य भागात आणि कधी अरुंद साइडबारमध्ये वापरायचं असेल तर स्क्रीनचं माप फसवतं, कारण स्क्रीन तीच असते. तिथे बाहेरच्या बॉक्सला 'कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ' द्या आणि कार्डाच्या आत सीक्यूआय वापरा. १ सीक्यूआय म्हणजे त्या कंटेनरच्या रुंदीचा शंभरावा भाग. फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये आल्यापासून हे सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतं. कंटेनर घोषित करायला विसरलात तर सीक्यूआय स्क्रीनच्या मापावर जातं.

मीडिया क्वेरी लिहावी लागलीच तर ती एममध्ये लिहा: 'मिन-विड्थ: ४८ एम'. क्वेरीतलं एम तुमच्या स्टाइलशीटकडे बघत नाही, थेट ब्राउझरच्या सेटिंगकडे बघतं. १६ च्या सेटिंगवर ४८ एम म्हणजे ७६८ पिक्सेल, २४ वर ११५२. मोठं अक्षर निवडणाऱ्याला दोन कॉलमांची मांडणी उशिरा मिळते, म्हणजे जागा पुरेल तेव्हाच.

पान सोपवण्याआधी

ब्राउझरची खिडकी ३२० पिक्सेलपर्यंत अरुंद करा. आडवा स्क्रोल दिसता कामा नये. डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे पान सर्वांना वापरता यावं यासाठीच्या, नियमांत हीच रुंदी आहे, कारण १२८० चा पडदा ४०० टक्के झूम केला की ३२० उरतात. म्हणजे ही तपासणी फक्त छोट्या मोबाइलची नाही, झूम करून वाचणाऱ्याचीही आहे. मग सेटिंगमध्ये जाऊन अक्षर सर्वांत मोठं करा आणि पान पुन्हा पहिल्यापासून वापरा. नुसतं बघू नका, फॉर्म भरा, मेन्यू उघडा, चुकीची माहिती टाकून लाल सूचना कुठे येते ते पाहा. बोटाने दाबायची प्रत्येक गोष्ट निदान २४ गुणिले २४ पिक्सेलची असावी असं डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या आवृत्तीत म्हटलंय. मी २.७५ रेम ठेवते, म्हणजे ४४. तेवढी जागा असली की बोट चुकत नाही.

बदललेला फॉर्म मी आत्यालाच पुन्हा भरायला दिला. लेबलं वाचता आली, बटण सापडलं. फील्डखालची टीप मात्र तिने डोळे बारीक करून वाचली. १२ पिक्सेलचे मी ०.७५ रेम केले होते, तिच्या सेटिंगवर ते १८ होत होते. एकक बरोबर होतं, आकडाच लहान होता. ती टीप मी ०.८७५ रेम केली.